कमी दारूची रायफल काडतुसे: बार वारंवार फुसका का जातो आणि त्यावर उपाय काय

रायफलीच्या काडतुसात नेहमीपेक्षा कमी दारू भरली की खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, आवाज कमी होतो, नवशिक्याला भीती वाटत नाही आणि नळीही सावकाश झिजते, या अपेक्षेने स्वतः काडतुसे भरणारे अनेक जण भरण हलके करून पाहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांची तक्रार एकसारखी असते. काही बार व्यवस्थित होतात, मग मध्येच एखादा फुसका जातो. एखादा चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडतो. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, मानेपासून (गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडापासून) खांद्यापर्यंत (मानेखालच्या उतारापर्यंत) काळी होऊन बाहेर येते, आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) मागे घेतल्यावर न जळलेले पिवळसर दाणे चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) आणि नळीत सापडतात. प्रायमर (पुंगळीच्या बुडातील, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) बदलले, तराजू पुन्हा तपासला, तरी पुढच्या खेपेला तेच घडते. काही जण यावर दारू आणखी थोडी कमी करून पाहतात, आणि खरा धोका तेथून सुरू होतो.

इंदूरमध्ये बसून या विषयावर मराठीत लिहिण्याचे कारण असे की रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या भागांतील अनेक मराठी घरांची मुले-मुली आता परदेशात स्थायिक आहेत, त्यांतील काहींना तेथे नेमबाजीचा छंद जडला आहे, आणि अमेरिकेसारख्या देशात रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणे हा उघडपणे चालणारा, कायद्याच्या चौकटीतील छंद आहे. इकडे रायफल नेमबाजीशी संबंध असलेल्या माझ्यासारख्या माणसाकडे त्यांचे प्रश्न फोनवरून येत राहतात. भारतातील वाचकांसाठी मात्र आधीच स्पष्ट करतो की परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास आर्म्स ॲक्ट, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे मनाई आहे. येथील वाचकांनी पुढील मजकूर समजून घेण्यासाठी वाचावा. घरी करून पाहण्याची कृती म्हणून वाचू नये. यात दारूचे कोणतेही प्रमाण मी देणार नाही. प्रमाण नेहमी त्या दारूच्या उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यावे, कारण एकच नाव दिसत असले तरी दारू, गोळी आणि पुंगळी यांपैकी एक जरी बदलले तरी गणित बदलते.

बार विचित्र वाटला त्या क्षणी

कारणमीमांसा नंतर करता येते. आधी त्या क्षणी काय करावे ते सांगतो, कारण नळ्या फुटतात त्या बहुधा फुसक्या बाराने फुटत नाहीत. त्यानंतर घाईने उडवलेल्या पुढच्या बाराने फुटतात.

चाप ओढला आणि नुसता खट् असा आवाज झाला, तर रायफल खांद्यावरून उतरवू नये, नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवावे आणि किमान ३० सेकंद थांबावे. अनेक रेंजवर पूर्ण १ मिनिट थांबण्याचा नियम असतो. तो असेल तर तोच पाळावा. प्रायमर पेटलेला असूनही दारू उशिरा पेट घेऊ शकते, आणि त्या अवधीत बोल्ट उघडला गेला, तर पुंगळीला चहूबाजूंनी आवळून धरणारे पोलाद नाहीसे होऊन ती उघड्यावर फुटते. अवधी संपल्यावर चेहरा बाजूला ठेवून बोल्ट हळू उघडावा.

आवाज झाला, पण तो दबका होता, धक्का जवळजवळ जाणवला नाही आणि लक्ष्यावर छिद्र दिसत नाही, अशा वेळी नळीत गोळी अडकली आहे असेच गृहीत धरावे. तेवढाच अवधी थांबून बोल्ट उघडावा, पुंगळी काढावी, चेंबर रिकामे असल्याची खात्री करावी, आणि बोल्ट रायफलीतून पूर्ण बाहेर काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड पाहावा. उजेड दिसला नाही, तर त्या दिवसाचे काम तेथेच थांबले. अडकलेली गोळी दुसऱ्या बाराने बाहेर ढकलण्याचा विचारही मनात आणू नये. पुढची गोळी तिच्यावर आदळते, मागे दाबाचा डोंगर उभा राहतो आणि नळीला त्या जागी फुगवटा येतो किंवा ती चिरते. जाड, नळीत घट्ट बसणाऱ्या पितळी गजाने आणि भरपूर तेलाने अशी गोळी निघू शकते, परंतु ज्याने हे पूर्वी केलेले नाही त्याने रायफल जाणकार कारागिराकडे द्यावी. पोलादी गजाचे तुकडे एकामागे एक घालून ठोकल्याने नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) कायमचे बिघडतात.

अर्धस्वयंचलित रायफलीत या बाबतीत दुप्पट सावधगिरी हवी. कमी दाबाने तिची यंत्रणा पूर्ण मागे जात नाही, नेमबाज सवयीने हाताने खटका मागे ओढतो, नवे काडतूस आत सरकते आणि नळीत काय आहे हे पाहणे राहून जाते. हलक्या भरणाचे प्रयोग हाताने चालवायच्या बोल्टच्या रायफलीतच करावेत, आणि तेही एका वेळी एकच काडतूस घालून, असे माझे ठाम मत आहे.

दारू कमी, मग धोका जास्त कसा?

लोकमान्यनगरातील माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा मिशिगनमध्ये असतो. त्याने आपल्या मुलीला शिकवण्यासाठी .३०८ विंचेस्टर या मोठ्या रायफलीच्या मापाची काडतुसे हलकी करायला घेतली होती. त्याचा प्रश्न सरळ होता: "काका, दारू कमी केली म्हणजे जोर कमी झाला. मग भीती कशाची?" हा प्रश्न विचारणारा माणूस निष्काळजी नसतो. जास्त दारू घातक असते हे त्याला ठाऊक असते आणि त्यातूनच कमी दारू निर्धोक असेल असे अनुमान तो काढतो. ठासणीच्या बंदुकीत वापरल्या जाणाऱ्या काळ्या दारूच्या काळात हे अनुमान बऱ्याच अंशी चालून जात असे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली, आणि त्यानंतर दारूचा स्वभावच बदलला.

बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर ती भडकते, पण फुटत नाही. पिवळ्या ज्योतीने सरसर जळून जाते. बंद जागेत मात्र तिच्या जळण्याचा वेग भोवतीच्या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ती वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो, आणि गोळी पुढे सरकून जागा मोठी होत गेल्याने हा वाढता दाब आटोक्यात राहतो. रायफलीच्या दारूच्या दाण्यांवर जळणे सुरुवातीला मंद ठेवणारा लेपही असतो. ही सगळी रचना एका ठराविक दाबाच्या पट्ट्यात नीट चालावी अशी केलेली असते. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकेतील मानकाने ठरवलेला कमाल सरासरी दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे आणि .३०-०६ साठी ६०,००० पौंड. संथ जळणारी दारू या पट्ट्याच्या वरच्या भागात समरसून जळते. दाब पट्ट्याच्या फार खाली राहिला, तर तिची अवस्था वारा न लागलेल्या शेगडीतील कोळशासारखी होते: पेट घेते, धुमसते, विझू पाहते, आणि पुढच्या क्षणी काय करील याचा भरवसा उरत नाही.

शेजाऱ्यांच्या मुलाकडे नेमकी हीच गडबड होती. त्याच्याकडे जड गोळ्यांसाठी आणलेली संथ दारू होती. तीच दारू त्याने हलक्या गोळीमागे सुमारे एक तृतीयांश कमी करून भरली. पुस्तिकेत त्या दारूसाठी इतके कमी भरण कोठेही दिलेले नव्हते. तो खालची मर्यादा ओलांडून गेला होता, आणि तशी मर्यादा असते हेच त्याला कोणी सांगितलेले नव्हते. साधारणपणे पुस्तिकेत आरंभीचे भरण कमाल भरणापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी असते. बहुतेक दारूंसाठी तो आकडा हीच खालची सीमा समजावी. काही दारूंची सीमा याहूनही अरुंद असते. एच ११० आणि विंचेस्टर २९६ या दारूंच्या बाबतीत दिलेले भरण ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नये, असा उत्पादकाचा स्पष्ट इशारा आहे.

या खालच्या सीमेपलीकडे दोन प्रकारची संकटे आहेत. पहिले वर सांगितलेले, म्हणजे नळीत अडकणारी गोळी. दुसरे क्वचित घडते, पण ते फार भयंकर असते. मोठ्या पुंगळीत, अरुंद नळीच्या रायफलीत, संथ दारू फार कमी भरली असता रायफल फुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, जणू काही भरण दुपटीहून अधिक होते. याची एक उपपत्ती अशी मांडली जाते की प्रायमरच्या धक्क्याने आणि अर्धवट पेटलेल्या दारूने गोळी पुंगळीतून सुटून आट्यांच्या सुरुवातीला जाऊन थबकते, आणि मग मागची दारू एकदम पेट घेते तेव्हा ती थांबलेली गोळीच बुचासारखी नळी अडवून धरते. दुसरी उपपत्ती अशी की अर्धी रिकामी पुंगळी आडवी असताना दारू तळाशी पसरते आणि प्रायमरची ज्योत तिच्या पूर्ण पृष्ठभागावरून धावत गेल्याने खूप दाणे एकाच वेळी पेटतात. प्रयोगशाळेत ही घटना हुकमी घडवून दाखवणे कठीण गेले आहे, आणि फुटलेल्या रायफलींपैकी काहींमध्ये खरे कारण दुहेरी भरण असावे, असेही अनेक जाणकार मानतात. नेमबाजाच्या दृष्टीने या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणतीही उपपत्ती खरी असो, संथ दारू पुस्तिकेच्या खाली उतरवायची नाही, एवढे तिच्यातून निश्चित निघते.

पुंगळी काय सांगते

कारण शोधताना प्रथम उडवलेल्या पुंगळ्या क्रमाने मांडाव्यात, कारण प्रत्येक खूण वेगळी गोष्ट सांगते.

मानेवर थोडी काजळी असणे स्वाभाविक आहे. ती खांद्यावरून खाली अंगावर उतरली असेल, तर दाब इतका कमी पडला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलेच नाही आणि वायू मागे झिरपला. सोबत न जळलेले दाणे सापडत असतील, तर भरण त्या दारूसाठी कमी आहे किंवा दारूच त्या कामाची नाही. येथे प्रायमर जोरदार घालून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. चेंडूच्या आकाराच्या दाण्यांची काही दारू पेटायला कठीण असते आणि तिच्यासाठी पुस्तिकाच मॅग्नम प्रायमर सुचवते, तेथे तो वापरावा. पण चुकीच्या भरणावर तो उपाय नाही.

प्रायमर पुंगळीच्या बुडातून किंचित बाहेर आलेला दिसणे, ही खूण बहुतेक लोक उलट वाचतात. त्यांना वाटते दाब जास्त झाला. प्रत्यक्षात नेहमीच्या बारात प्रायमर आधी थोडा मागे येतो आणि मग पूर्ण दाबाने पुंगळी मागे ताणली जाऊन बोल्टला टेकते, तेव्हा तो पुन्हा आपल्या जागी दाबला जातो. दाब कमी असला तर हा दुसरा टप्पा घडतच नाही आणि प्रायमर बाहेर राहतो. म्हणून काजळी आणि बाहेर आलेला प्रायमर एकत्र दिसले, तर निदान जवळजवळ पक्के: दाब कमी आहे.

बार उशिरा उडत असेल आणि पुंगळीवर बाकी काहीच खूण नसेल, तर प्रायमरकडे पाहावे. प्रायमर पूर्ण खोल बसलेला नसेल, तर टोचणीचा (प्रायमरवर आपटणाऱ्या बोल्टमधील खिळ्याचा) पहिला आघात त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो. बसवलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली असावा. बोटाने चाचपले तरी फरक कळतो. पुंगळीला आकार देताना लावलेले वंगण पूर्ण पुसले गेले नसेल, तर तेही प्रायमर आणि दारू दोन्ही नासवते. बोल्टमध्ये घट्ट झालेले जुने तेल, विशेषतः थंडीत, टोचणीचा वेग कमी करते. इंदूरच्या हिवाळ्यात जे तेल चालून जाते ते मिशिगनच्या जानेवारीत गोठल्यासारखे होते, हे त्या मुलालाही सांगावे लागले.

चौथी तपासणी पुंगळीच्या मानेची. गोळी बोटांनी दाबून आत सरकत असेल, तर मानेची पकड सैल आहे आणि दाब चढण्याआधीच गोळी निसटते. पूर्ण भरणात हा दोष लपून जातो, हलक्या भरणात तो उघडा पडतो.

हे सगळे नीट असूनही एक बार जोरात आणि एक मंद जात असेल, तर दारूची जागा हे कारण असू शकते. अर्धी रिकामी पुंगळी नळीत आडवी असताना दारू कधी प्रायमरजवळ असते, कधी गोळीजवळ, आणि त्यानुसार वेग बदलतो. हे तपासण्यासाठी, पुस्तिकेत हलक्या भरणासाठी दिलेलीच दारू आणि प्रमाण असेल तरच, काही काडतुसे हातात उभी धरून दारू बुडाशी आणावी आणि अलगद चेंबरमध्ये घालावीत, काही उलटी धरून दारू गोळीकडे आणून घालावीत, आणि दोन्हींचे वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पाहावेत. अंतर फार मोठे निघाले, तर ते भरण वापरू नये. पोकळी भरण्यासाठी कापूस, कृत्रिम धागा किंवा रवा घालण्याचे सल्ले ऐकू येतात. पुस्तिकेत स्पष्टपणे दिले नसेल तर ते टाळावेत, कारण दारूवर बसवलेला बोळा पोकळीतून पुढे धावून गोळीच्या तळावर आपटल्याने चेंबरच्या भिंतीत कायमचे वळे उठल्याची उदाहरणे आहेत. एकदा ते उठले की पुंगळ्या निघता निघत नाहीत.

उपाय

हलके काडतूस हवे असेल तर दारू कमी करू नये, दारू बदलावी. माझ्या मते या संपूर्ण प्रश्नाचे उत्तर एवढ्यातच आहे; पुढचे त्याचे तपशील आहेत.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ज्या दारूसाठी उत्पादकाने स्वतः हलके भरण प्रसिद्ध केले आहे ती घेणे. हॉजडन कंपनीची एच ४८९५ ही दारू यासाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या सरकारी ४८९५ च्या विक्रीतून ज्या कंपनीचा व्यवसाय उभा राहिला, तीच कंपनी आज सांगते की तिच्या पुस्तिकेत एच ४८९५ साठी दिलेल्या कमाल भरणाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली उतरता येते. उदाहरणापुरते बोलायचे तर कमाल भरण ४५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे बारीक एकक) असते, तर खालची सीमा २७ ग्रेन आली असती. हा नियम त्या एका दारूचा आहे. आयएमआर ४८९५ किंवा नावात ४८९५ असलेली दुसरी कोणतीही दारू या नियमाखाली आपोआप येत नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही दारूला ६० टक्क्यांचा हिशेब लावणे म्हणजे पुन्हा मूळ चुकीकडे जाणे होय.

दुसरा मार्ग म्हणजे फुगीर, हलकी दारू. ट्रेल बॉस ही मधोमध भोक असलेल्या चकत्यांची दारू या कामासाठीच काढली गेली. थोड्या वजनात ती पुंगळीची बरीच जागा व्यापते, त्यामुळे पोकळी राहत नाही आणि दोनदा भरली तर बाहेर सांडते. ती गोळीने दाबली जाऊ नये, ही तिची मुख्य अट आहे. गेल्या काही वर्षांत ती बाजारात सहज मिळत नाही, म्हणून अनेक जण तिसऱ्या मार्गाकडे, म्हणजे पिस्तूल आणि शॉटगनच्या वेगवान दारूकडे वळतात. ती थोड्या प्रमाणात आणि कमी दाबावर स्वच्छ जळते, शिशाच्या ओतीव गोळ्यांबरोबर तिचा उपयोग फार जुना आहे आणि पुस्तिकांत त्याची प्रमाणे सापडतात. परंतु तिच्यात एक मोठी जोखीम आहे, तिच्याकडे पुढे येतो.

गोळीही विचारपूर्वक निवडावी. तांब्याच्या आवरणाची गोळी नळीतून पुढे ढकलायला अधिक जोर लागतो, म्हणून फार कमी वेगावर ती अडकण्याची शक्यता शिशाच्या गोळीपेक्षा जास्त असते. ध्वनीपेक्षा कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या खाली, आवरणाच्या गोळ्या चालवण्याचा हट्ट नवशिक्याने धरू नये. शिवाय ठराविक वेगावर फुलण्यासाठी बनवलेली शिकारीची गोळी कमी वेगावर फुलत नाही, त्यामुळे जेथे शिकार कायदेशीर आहे तेथेही हलके काडतूस जनावरावर वापरणे त्या जनावराला केवळ जखमी करून सोडण्यासारखे आहे.

येथे एक विषयांतर करतो, कारण ते त्या मुलालाही आधी सांगितले. मूल शिकवणे हाच हेतू असेल, तर मोठ्या रायफलीचे काडतूस हलके करण्याची गरजच काय? आपल्याकडे एनसीसीत पिढ्यान् पिढ्या मुले .२२ रायफलीवर शिकली. कारखान्यात भरलेले, ४० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचे ते छोटे काडतूस जवळजवळ धक्का देत नाही, स्वस्त असते, आणि श्वास, चाप, नेम हे सगळे त्याच्यावर तितकेच चांगले शिकता येते. मुलीने वर्षभर .२२ वर सराव करावा आणि मग .३०८ कडे यावे, असे मी सुचवले. त्याने .२२ आणली, पण हलक्या काडतुसांचे कामही सोडले नाही. म्हणून हा लेख पूर्ण करणे भाग आहे.

दुहेरी भरण आणि रिकामी पुंगळी

वेगवान दारूचे रायफलीतील माप पुष्कळदा पुंगळीचा पाव भागही भरत नाही. म्हणजे त्याच पुंगळीत दुसरे माप, कधी तिसरेही, निमूट बसते आणि वरून गोळी बसवल्यावर बाहेरून काहीही कळत नाही. पूर्ण भरणाच्या काडतुसात ही चूक दारू सांडून स्वतःच उघडकीस येते. हलक्या काडतुसात ती उघडकीस येते रायफलीवर.

यासाठी पुंगळ्या खाचांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या कराव्यात, रिकाम्या एका बाजूला उलट्या, भरलेल्या दुसऱ्या बाजूला सुलट्या, आणि एकाही पुंगळीवर गोळी बसवण्यापूर्वी सगळ्या ठोकळ्यावर वरून विजेरीचा उजेड टाकून प्रत्येकीतील दारूची पातळी शेजारणीशी ताडून पाहावी. मेजावर एका वेळी एकच दारूचा डबा असावा. फोन वाजला, कोणी हाक मारली, तर हातातील पुंगळी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. भरून तयार झालेली काडतुसे तोलून चूक सापडेल असे काही जणांना वाटते, परंतु रिकाम्या पुंगळ्यांच्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो आणि थोडक्या भरणातील घोटाळा त्यात दडून जातो.

फुसक्या बाराचे एक कारण दारू मोजणाऱ्या यंत्रातही असते, आणि ते या दोन्ही टोकांना जोडते. लांब काडीसारखे दाणे असलेली दारू यंत्राच्या नळीत आडवी अडकून पूल बांधते. त्या पुंगळीत निम्मीच दारू पडते, आणि पुढच्या पुंगळीत तिचे स्वतःचे माप अधिक आधीचे राहिलेले असे दोन्ही पडते. म्हणून एका गठ्ठ्यात एक जरी फुसके काडतूस निघाले, तर त्या गठ्ठ्यात कोठे तरी जास्त भरलेले काडतूसही असण्याची दाट शक्यता धरावी आणि उरलेले एकही उडवू नये. ही गोष्ट सांगितल्यावर लोक सर्वांत जास्त नाखूश होतात, कारण शेकडो काडतुसे उघडण्याचे काम समोर दिसते. तरीही येथे तडजोड नाही.

विजेवर चालणारा तराजू असेल तर तो सुरू करून काही वेळ तसाच राहू द्यावा, पंखा बंद करावा, मोबाइल दूर ठेवावा, आणि दर काही मापांनंतर प्रमाणित वजन ठेवून शून्य तपासावे. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. इतक्या बारीक मापात वाऱ्याची झुळूकही आकडा हलवते, आणि भरण जितके हलके, तितका त्याच चुकीचा टक्का मोठा.

पुंगळ्या वेगळ्या ठेवणे

हलक्या भरणासाठी वापरलेल्या पुंगळ्या पूर्ण भरणाकडे परत नेऊ नयेत. .३०८ किंवा .३०-०६ सारखी, बाहेर आलेली कड नसलेली पुंगळी चेंबरमध्ये आपल्या खांद्यावर टेकून राहते. टोचणीचा आघात आणि प्रायमरचा धक्का तिला पुढे रेटतात, कमी दाबामुळे ती परत मागे ताणली जात नाही, आणि दर वेळी खांदा किंचित मागे सरकत जातो. पुंगळी अशा प्रकारे आखूड झाली आणि मग तिच्यात पूर्ण भरण घातले, तर ती बुडाजवळ ताणून फाटू शकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतात. .३०३ सारख्या कडेच्या पुंगळ्या कडेवर टेकतात, म्हणून त्यांत हा त्रास बराच कमी असतो. काही जण हलक्या भरणासाठी प्रायमरखालचे छिद्र मोठे करतात. तशा पुंगळ्यांत पूर्ण भरण कधीही घालू नये. बुडावर पक्क्या शाईने खूण करून त्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात.

नव्या दारूची काडतुसे घेऊन रेंजवर गेल्यावर पहिली काही एकेक घालून उडवावीत, प्रत्येक बारानंतर लक्ष्यावरचे छिद्र मोजावे, आणि छिद्र न दिसल्यास नळी पाहिल्याशिवाय पुढचे काडतूस हातात घेऊ नये. नेम खाली बसेल, कधी बाजूलाही सरकेल. दुर्बिणीची मांडणी दोन्ही भरणांसाठी वेगळी लिहून ठेवावी.

मिशिगनच्या त्या मुलाने जुना गठ्ठा गोळ्या उपसण्याच्या हातोडीने उघडला. अशी हातोडी वापरताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि तिच्यात फक्त मध्ये प्रायमर असलेली काडतुसेच घालावीत; .२२ सारख्या कडेने पेटणाऱ्या काडतुसाला ती कधीही लावू नये. काढलेल्या गोळ्या पुन्हा वापरता येतात. काढलेली दारू मात्र, ती कोणती आहे याची पूर्ण खात्री असली तरी, मूळ डब्यात परत ओतू नये, आणि खात्री नसेल तर ती ठेवूच नये. अशी दारू मोकळ्या जमिनीवर, घरापासून दूर, पातळ पसरून वाफ्यातील मातीत मिसळून टाकावी, आणि तिच्या रिकाम्या डब्यावरची चिठ्ठी फाडून डबा फेकून द्यावा, म्हणजे त्यात पुढे दुसरी दारू भरली जाणार नाही.